नववीला शाळा बदलावी का? लेक आठवीत, राहायला कळव्यात

कळव्याची_आई

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आम्ही कळव्यात खारेगावला राहतो. लेक नौपाड्यातल्या एका जुन्या अनुदानित शाळेत आठवीत आहे. पहिलीपासून मराठी माध्यम, पाचवीपासून सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मीही मराठी शाळेतच शिकले. या शाळेने माझ्या मुलीला वाचायला, बोलायला, चारचौघांत उभं राहायला शिकवलं, ते मी विसरणार नाही. त्यामुळे हा माध्यमाचा वाद नाही, कृपया तो इथे काढू नका.

दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री कुकर लावून ओट्याशी उभी होते आणि सही करायला म्हणून तिने भूमितीची वही पुढे केली. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, हे सिद्ध करायचं होतं. वर्गात लंबदुभाजकाच्या प्रमेयावरून शिकवलं होतं. हिने तसं केलं नव्हतं. आधी कर्णाच्या दोन बाजूंचे मोठे त्रिकोण एकरूप दाखवले, आमच्या वेळची बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी. त्यावरून दोन कोन समान आले. मग आतले छोटे त्रिकोण बाकोबाने (बाजू-कोन-बाजू) एकरूप, म्हणून एक कर्ण दुभागला गेला, आणि छेदनबिंदूपाशी रेषीय जोडीतले दोन्ही कोन सारखे, म्हणून नव्वद अंश. शेवटी दुसऱ्या कर्णासाठीही तेच. मी एकेक पायरी बोट ठेवून वाचली. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलंच नाही. एकही चूक सापडली नाही. वहीवर मात्र आडवी लाल रेघ, ४ पैकी १, आणि बाजूला ‘पुस्तकातली पद्धत लिहा’.

मार्कांचं मला काही वाटलं नाही. तिचं पुढचं वाक्य लागलं. म्हणाली, ‘आई, असू दे. आता मी पुस्तकातलंच लिहिते, उगाच मार्क जातात.’ सहावीत असताना हीच मुलगी कोडं सुटेपर्यंत जेवायला यायची नाही.

सरांना भेटले. माणूस भला आहे. वही बघून लगेच म्हणाले, ‘ताई, तिचं बरोबर आहे, मी घाईत तपासलं.’ मार्क वाढवून दिले. एका तुकडीत ६४ मुलं, अशा चार तुकड्यांच्या वह्या, वर निवडणुकीचं काम. मी त्यांच्या जागी असते तर वेगळं काय केलं असतं, माहीत नाही. पण पुढची दोन वर्षं तिने मन मारून काढावीत असं वाटत नाही.

म्हणून दोन खाजगी शाळा बघितल्या. एक घोडबंदर रोडला, आयसीएसई. फी वर्षाला १ लाख ८५ हजार, बसचे ४२ हजार वेगळे. शिवाय प्रवेशाच्या वेळी ‘विकास निधी’ म्हणून ५० हजार लागतील, असं तोंडी सांगितलं. दुसरी ऐरोलीत, सीबीएसई, फी ९२ हजार. इमारत साधी, मैदान बरं. मिस्टर रबाळे एमआयडीसीत आहेत, त्यांच्या वाटेवर पडते. मी पतसंस्थेत नोकरी करते. ९२ हजार ओढाताण करून जमतील. घोडबंदरचं जमवायचं तर गावच्या घराच्या दुरुस्तीचे पैसे काढावे लागतील, आणि लेक त्या लायक आहे असं वाटलं तर तेही काढू.

मला विचारायचंय ते असं, की जिथे मुलीचा खरोखर कस लागेल अशी शाळा बाहेरून ओळखायची कशी? आमच्याकडे अभ्यास कसून घेतला जातो, असंच दोन्हीकडे सांगतात. नव्वद टक्क्यांवरच्या मुलांचे फोटो दोन्हीकडे लागलेत. आणि इतिहास-भूगोल आजवर मराठीतून शिकलेल्या मुलीला नववीत ते एकदम इंग्रजीतून झेपेल का? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

ऐरोलीचे_मास्तर

ताई, ३१ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. पहिल्यांदा लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. एकाच आकृतीत आधी मोठ्या त्रिकोणांकडून कोन मिळवायचा आणि मग छोट्यांकडे जायचं, हे आठवीत आपलं आपण सुचणं ही साधी गोष्ट नाही.

आता मुद्द्याचं. कस मंडळाच्या नावात नसतो. राज्य मंडळात विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन भाग. सीबीएसईत विज्ञानाची एकच ८० गुणांची लेखी परीक्षा, पण निम्म्याच्या आसपास प्रश्न नवा प्रसंग देऊन विचार करायला लावणारे. आयसीएसईत भौतिक, रसायन, जीव अशा तीन वेगळ्या ८०-८० गुणांच्या उत्तरपत्रिका, शिवाय इंग्रजी भाषा वेगळी आणि साहित्य वेगळं. म्हणजे आयसीएसईचा आवाका मोठा, यात शंका नाही. पण मोठा आवाका गाईड पाठ करूनही पार पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, वह्या मागा. नववीच्या कुठल्याही पाच मुलांच्या, शाळेने निवडून दिलेल्या नकोत. पाचही वह्यांत अक्षरशः एकच उत्तर असेल तर फळ्यावरून उतरवून घेतलंय, समजा. लाल शाई बघा. नुसती टिकमार्क आणि तारीख आहे, की चुकीपाशी काही लिहिलंय? मुलाने त्यानंतर दुरुस्ती केली आहे का? मग नववीची मागच्या वर्षीची वार्षिक प्रश्नपत्रिका मागा आणि पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायाशी ताडून बघा. आकडे बदलून तेच प्रश्न असतील तर त्या ९२ हजारांत तुम्ही फक्त टाय विकत घेताय. प्रयोगशाळेत विचारा की प्रयोग मूल स्वतः करतं की बाई टेबलावर करून दाखवतात. कपाटाच्या कुलपावर धूळ असेल तर उत्तर मिळालंच.

अजून एक, यात उशीर चालत नाही. सीबीएसई आणि आयसीएसई दोन्हीकडे मंडळाची नोंदणी नववीत होते, अभ्यासक्रमही नववी-दहावीचा मिळून चालतो. दहावीला थेट प्रवेश फक्त बदली वगैरे ठरावीक कारणांसाठीच मिळतो. तेव्हा जायचं तर आत्ता. आणि नववीला त्यांनी चाचणी घेतली तर बिचकू नका. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी चाचणीला मनाई आहे ती आठवीपर्यंत, नववीला शाळा घेऊ शकते. उलट चाचणीची प्रश्नपत्रिका लेकीला लक्षात ठेवायला सांगा, ती शाळेबद्दल पुष्कळ सांगते.

सेमीवाली_मुलगी

काकू, मी तुमच्या लेकीच्या जागी होते. डोंबिवलीत सेमी, नववीत नवी मुंबईत सीबीएसई. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

खरं सांगू का, पहिले चार महिने खूप वाईट गेले. गणिताला काहीच त्रास झाला नाही. भूगोलाच्या पहिल्या चाचणीत मला ४० पैकी ११ होते. धडा मला येत होता, पण मान्सूनबद्दल जे माहीत होतं ते इंग्रजीत चार ओळी सलग लिहिता येईना. अक्षांश, रेखांश, प्रशासन, लोकशाही, प्रत्येक शब्दाशी अडायचं. बाबांनी एक दोनशे पानी वही आणून दिली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि खाली तो शब्द वापरून माझं स्वतःचं एक वाक्य. रोज दहा. दिवाळीपर्यंत वही भरली आणि सहामाहीत २९ आले. तुम्ही ही वही आत्ताच, जानेवारीतच सुरू करा. उन्हाळ्यापर्यंत अर्धी लढाई झालेली असेल.

दुसरं मार्कांपेक्षा कठीण होतं. जुन्या शाळेत माझा पहिल्या तिघांत नंबर असायचा, इथे सत्ताविसावा आला. आणि डबा खाताना सगळ्या इंग्रजीतून बोलायच्या, मी गप्प. आई रोज संध्याकाळी ‘किती मार्क पडले’ विचारायची तेव्हा मला रडू यायचं. मग एक दिवस आत्याने आईला फोनवर काय सांगितलं देव जाणे, आई ‘आज काय नवीन कळलं’ विचारायला लागली. मला त्याने खूप आधार दिला. तुम्ही पहिल्या वर्षी तिच्या नंबराबद्दल घरात अवाक्षर काढू नका, प्लीज.

आणि मराठी सुटू देऊ नका. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्याच मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, पण कुठल्या शाळेत ती मनापासून शिकवतात आणि कुठे पाट्या टाकतात ते विचारा. माझी मधली चार वर्षं मराठी वाचायचं राहून गेलं आणि आता आजीला पत्र लिहिताना शब्द आठवत बसावं लागतं. त्याची रुखरुख आहे.

घणसोलीचा_बाबा

ताई, तुमच्या पोस्टमधलं ते ‘तोंडी सांगितलं’ वाचून लिहायला बसलो.

प्रवेशासाठी देणगी मागणं बेकायदा आहे. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीबंदीचा कायदा आहे. आणि २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते. त्या समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो, उपाध्यक्ष पालकच असतो, आणि मंजूर फी नोटीस बोर्डावर लावावी लागते. तुम्ही एवढंच म्हणा, ‘मंजूर झालेल्या फीचा तक्ता दाखवा, आणि विकास निधीची पावती कुठल्या नावाने मिळेल ते लिहून द्या.’ मी पालक समितीत दोन वर्षं होतो. ही दोन वाक्यं ऐकल्यावर पुष्कळ निधी आपोआप रद्द होतात.

आता माझं. मोठ्या मुलाला नववीत एका नावाजलेल्या शाळेत घातलं, नाव लिहीत नाही. कस, कस म्हणतात तो तिथे वजनात मोजायचे. रोज तीन विषयांचा गृहपाठ, शनिवारी चाचणी, रविवारी शाळेतच क्लासवाल्यांची बॅच. पोरगं रात्री साडेबाराला टेबलावर डोकं ठेवून झोपलेलं मी उचलून नेलंय. दहावीला ९३ टक्के आले. अकरावीत फिजिक्सचं पुस्तक उघडायलाच तयार नाही. म्हणतो, बाबा, पुरे झालं. चांगला हुशार मुलगा आहे हो माझा. आम्ही तेव्हा एकदाही नववीतल्या पोरांना गेटबाहेर थांबवून विचारलं नाही, की बाळांनो, किती वाजता झोपता? तुम्ही विचारा. शाळा सुटायच्या वेळी जा आणि दोन-चार मुलांशी बोला. मुलं खरं सांगतात.

तलावपाळीकर

माझं मत वेगळं आहे. शाळा तीच ठेवून कस बाहेरून लावता येतो. नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहेच. ती ग्रेटर बॉम्बे सायन्स टीचर्स असोसिएशन १९८१ पासून घेते. लेखीतून पुढे गेलं की प्रात्यक्षिक आणि मग प्रकल्प, मुलाखत. गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा, आयओक्यूएम, आठवीपासून देता येते, आणि त्यातले प्रश्न अगदी तुमच्या मुलीच्या प्रकृतीचे आहेत, पद्धत कुठलीही वापरा. ऑलिंपियाडचं मुख्य केंद्र म्हणजे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, ते मानखुर्दला, आपल्याला लांब नाही. वाचायला १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वर्षाला ९२ हजार वाचतील. शिवाय अकरावीला सगळ्या मंडळांची मुलं एकाच गुणवत्ता यादीत येतात, तिथे तुमची वही कशी तपासली होती हे कुणी विचारत नाही.

कळव्याची_आई

तलावपाळीकर दादा, तुमचं म्हणणं दोन दिवस मनात घोळवलं. आयओक्यूएमचे जुने प्रश्न काढून लेकीला दिलेत, त्यात ती रमली आहे. पण रोजचे सहा तास ती जिथे बसते तिथे तिला गप्प राहायची सवय लागतेय. आठवड्यातून एक दिवस बाहेर काही केलं तरी ती सवय मोडेल, असं मला वाटत नाही.

मास्तर, तुमचा सल्ला तंतोतंत पाळला. काय झालं ते सांगते.

घोडबंदरला नववीच्या वह्या मागितल्या. प्रवेश बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, मुलांच्या वह्या पालकांना दाखवायची आमची पद्धत नाही. प्रश्नपत्रिका मागितली, तीही नाही. पोहण्याचा तलाव मात्र दुसऱ्यांदा दाखवला. घणसोलीच्या दादांनी सांगितलं तसं मंजूर फीचा तक्ता आणि पावतीचं विचारलं, तर ‘आम्ही फोन करू’ म्हणाल्या. अजून फोन नाही.

ऐरोलीला मुख्याध्यापिका बाई जरा अवघडल्या, पण शिपायाला पाठवून स्टाफरूममधून गठ्ठा मागवला आणि म्हणाल्या, तुम्हीच काढा पाच. मी मधून काढल्या. सगळ्याच काही देखण्या नव्हत्या. एका इतिहासाच्या वहीत तर नुसत्या टिकमार्क. पण एक विज्ञानाची प्रयोगवही होती, ती डोळ्यांपुढून जात नाही. दगडाची घनता काढायचा प्रयोग. स्प्रिंग बॅलन्सने वजन, मोजपात्रात दगड बुडवून आकारमान. तीन वेळा मोजलेलं, त्यातला तिसरा आकडा बाकीच्या दोघांपेक्षा मोठा. त्या मुलाने तो खोडून जुळवून घेतला नव्हता, तसाच ठेवला होता. बाईंनी त्याभोवती गोल करून लिहिलं होतं, ‘हा जास्त का आला? पुन्हा मोज.’ खाली शिसपेन्सिलीने त्याचं उत्तर, की दगडाला हवेचा बुडबुडा चिकटला होता, हलवल्यावर गेला. आणि चौथा आकडा, पहिल्या दोघांशी जुळणारा. त्यापुढे बाईंनी ‘छान पकडलंस’ लिहिलं होतं. आकड्याला मार्क वगैरे काही नव्हते. मी ते पान तीनदा वाचलं.

गेटबाहेर तीन मुलींना विचारलं. दोघी साडेदहाला झोपतात, एक अकराला, तीसुद्धा मालिका बघते म्हणून. गृहपाठ असतो, पण रडवेल इतका नाही, असं म्हणाल्या.

बाईंनी लेकीला एक दिवस दोन तास वर्गात बसू दिलं. भूगोल फारसा कळला नाही, हे तिने आल्या आल्या सांगितलं. गणिताच्या तासाला एका मुलाने फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं आणि बाईंनी ते पुसलंच नाही, तास संपेपर्यंत सगळे त्यावरच बोलत होते, हे मात्र रात्री जेवताना तीनदा सांगून झालं. चाचणीत गणितात ३४ आणि इंग्रजीत २१ पडले, दोन्ही ४० पैकी. इंग्रजीचं त्यांनी स्पष्ट सांगितलं, की पहिली सहामाही जड जाईल, तुम्ही घरी धीर धरा.

तर ऐरोलीचा फॉर्म भरला. एका तुकडीत ३८ मुलं आहेत. आमच्या शाळेची आठवीची वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत चालते आणि त्यांचं नववीचं वर्ष एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतं. त्या तीन आठवड्यांचं काय, म्हणून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी तिथली परीक्षा नीट देऊन ये, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मग ये. मधल्या दिवसांच्या वह्या कुणाकडून तरी मिळवून देऊ.

नौपाड्याच्या सरांना सांगायला गेले तेव्हा पाय जड झाले होते. ते म्हणाले, ‘जाऊ द्या तिला, ताई. अडलं तर मला विचारायला पाठवा, शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.’ लेकीने त्यांच्या पाया पडून निरोप घेतला आणि बाहेर आल्यावर बराच वेळ बोलली नाही. मैत्रिणींना अजून सांगितलेलं नाही.

सेमीवाली मुलगी, तुझी दोनशे पानी वही सुरू केली गं. आज ‘अक्षांश’ झाला. वाक्य तिचं तिनेच केलं, ठाणे कुठल्या अक्षांशावर आहे ते नकाशात शोधून. मराठीसाठी रोज रात्री तिने मला दोन पानं मोठ्याने वाचून दाखवायची, असं दोघींचं ठरलंय.

आता एकच विचारायचं राहिलं. शाळेची बस खारेगावहून विटाव्यामार्गे जाते. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरतं तेव्हा ऐरोलीच्या शाळांच्या बस काय करतात? मुलुंड-ऐरोली पुलावरून वळसा घालून आणतात, की मुलांना घ्यायला आपणच जायचं? मिस्टरांची पाळी दुपारची असते आणि मी साडेपाचपर्यंत सुटत नाही. त्या बाजूचे कुणी पालक असतील तर सांगा.